पूजेबाहेरचं यंत्र

शांतव्वांनी कटिंग मशीनच्या पात्यावर विभूतीची तीन बोटं ओढली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि ताट घेऊन त्या पुढं सरकल्या. पुढं छपाईचं ऑफसेट यंत्र होतं. शशिधरनं ते सकाळीच रॉकेलनं पुसून काढलं होतं. रोलरवर शाईचा ठिपकासुद्धा शिल्लक नव्हता. सगळ्यांत मोठा हार त्याला. मग कोपऱ्यातली पायानं चालवायची जुनी ट्रेडल. मग पाटावर मांडलेली बारकी हत्यारं: कात्र्या, कटर, पाने, स्टेपलर, लोखंडी पट्टी आणि त्यांच्या शेजारी स्वयंपाकघरातली विळी. खंडेनवमीला घरात धार असलेली एकही वस्तू पाटाबाहेर राहत नसे. भाज्या कालच चिरून ठेवल्या होत्या.

काचेच्या खोलीच्या दारात रक्षिता उभी होती. आतल्या डिजिटल मशीनवर तिनं पहाटे उठून आंब्याची डहाळी लावली होती, पुढं छोटी रांगोळी काढली होती. आजीचं ताट आपल्याकडं येतंय असं पाहून ती बाजूला झाली.

शांतव्वा दाराशी थांबल्या. त्यांनी आत पाहिलं नाही. थोरल्या मुलाकडं पाहिलं.

"ते न्हाय, अव्वा," शशिधर म्हणाला.

"का न्हाय?" रक्षितानं विचारलं.

"ते अजून आपलं न्हाय. ट्रायलवर आलंय. पूजा केलेलं यंत्र आपल्या दारातनं बाहेर जात न्हाय. ती ट्रेडल का पडलीया कोपऱ्यात? तुझ्या अज्जानं पुजलेली हाय म्हणून. उद्या हे परत धाडायचं झालं तर काय करणार?"

"परत धाडायचं ठरलंय काय?"

"ठरलं न्हाय. ठेवायचं बी ठरलं न्हाय की."

रक्षितानं वडलांकडं पाहिलं. मशीन अमरेशनंच आणलं होतं. पुण्याच्या व्यापाऱ्यानं दसऱ्यापर्यंत वापरून बघा म्हणून ते इथं लक्ष्मीपुरीतल्या छापखान्यात आणून ठेवलं होतं. ठेवायचं असेल तर दसऱ्यानंतर कागद करायचे, नाहीतर त्याची गाडी येऊन घेऊन जाणार. रक्षितानं ते चालवायला शिकून घेतलं होतं. पुण्याच्या एका जाहिरात कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती, तिचं उत्तरही दसऱ्यापर्यंतच द्यायचं होतं. मशीन राहिलं तर मी राहते, असं ती आईला बोलली होती, आणि शांभवीला सांगितलेलं घरात सगळ्यांना कळत असे.

अमरेश समईची वात सारखी करण्यात गुंतला होता. ती मुळात सरळच होती.

शांतव्वांनी ताट खाली ठेवलं. "आरती करूया," त्या म्हणाल्या.

*

कृष्णात आला तेव्हा वरच्या मजल्यावर पंगत बसली होती. शिरोली एमआयडीसीतल्या विजयसिंहांच्या फाउंड्रीचा तो मॅनेजर. एरवी तो पायरीवरूनच "काय पुरणपोळी हाय काय?" असं ओरडत यायचा. आज तो न बोलता दारात उभा राहिला. हातात त्यांच्याच छापखान्यातून गेल्या आठवड्यात गेलेला कॅटलॉग होता.

"या पावणं, बसा की," शांभवी पाट मांडत म्हणाली.

"बसाय वेळ न्हाय वहिनी. हे बघा अमरेशदादा. मधलं पान."

अमरेशनं डाव्या हातानं कॅटलॉग घेतला. मधल्या पानावर पंपांच्या कवचांचा तक्ता होता. कृष्णातनं एका आकड्यावर बोट ठेवलं.

"नवं कवच आम्ही पातळ केलंय. दहा बार दाबापर्यंत टिकतं. इथं सोळा छापलंय. सोळा जुन्या जाड कवचाचं. परदेशातली माणसं आल्यात, उद्या सकाळी नव्या भट्टीची पूजा झाली की त्यांच्या हातात ही पुस्तकं द्यायची हायत. सोळा बघून त्यांनी कुठं बसवलं आणि कवच फुटलं तर?"

अमरेशनं हातातला घास परत ताटात ठेवला. विजयसिंहांचं काम म्हणजे या छापखान्याचं निम्मं वर्ष. कॅटलॉग, लेटरहेड, मालाच्या पेट्यांवरची लेबलं, सगळं.

"सायबास्नी सांगितलंय?"

"अजून न्हाय. ते पावण्यांना घेऊन पन्हाळ्याला गेल्यात. सांजेला येतील. त्यांच्या आत काय करता ते बघा. सगळी दोन हजार नकोत, उद्यापुरती चाळीस द्या. पण बरोबर द्या."

सगळ्यांच्या माना रक्षिताकडं वळल्या. पानं तिच्या संगणकावर तयार झाली होती.

"किती वेळा सांगितलं, आकडे दोनदा तपास म्हणून," अमरेशचा आवाज चढला. "त्या खोक्यात तोंड घालून बसायचं दिवसभर आणि—"

"अप्पा, मी दहाच घातलेलं."

"मग सोळा काय आभाळातनं पडलं?"

"बघा की येऊन!" ती हात न धुताच उठली. शांभवी तिच्यामागं पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

खाली संगणक सुरू झाला. सगळे खुर्चीमागं उभे राहिले. पडद्यावर तक्ता उघडला. दहा. रक्षितानं पान मोठं केलं. दहाच होतं.

"ह्याच पानाची पॉझिटिव्ह काढून आणलेली, सगळ्या पानांबरोबर," ती म्हणाली. "माझ्या हातानं दोड्डप्पांना दिलीया."

दोड्डप्पा म्हणजे थोरला काका, शशिधर. तो वळून कपाटाकडं गेला.

*

त्या कपाटात गेल्या वीस-बावीस वर्षांच्या पॉझिटिव्ह होत्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचं पाकीट वेगळं. छापायच्या पानाचं चित्र आधी अशा पारदर्शक फिल्मवर घ्यायचं, त्यावरून पत्र्याची प्लेट करायची, मग ती ऑफसेटवर चढवायची. काम परत आलं, की शशिधर जुनी पॉझिटिव्ह काढून वापरत असे. त्यात खर्च वाचायचा, पण त्याचं कारण ते नव्हतं. गावातला फिल्म काढून देणारा जुना कॅमेरावाला गेल्यापासून तसा काळा रंग कुणाला जमत नाही, असं त्याचं मत होतं. नव्या पॉझिटिव्ह त्याला फिक्या वाटत.

विजयसिंहांचं पाकीट त्यानं उघडलं. त्याला काय सापडणार हे त्याला शिडीवर चढतानाच कळलं होतं. नवी पॉझिटिव्ह बटरपेपरमध्ये जशीच्या तशी होती. तिला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

त्याला आता सगळं आठवलं. दोन्ही फिल्म त्यानं उजेडाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. तोच तक्ता, त्याच रेघा. जुनी जास्त काळीभोर. तक्ता तर बदललेला दिसत नाही, असं म्हणून त्यानं जुनी उचलली होती. आकडे वाचले नव्हते. फक्त काळेपणा बघितला होता.

खाली अमरेश अजून मुलीला बोलतच होता. शशिधरच्या मनात आलं, पाकीट परत ठेवावं. कुणी विचारणार नाही. मशीन परत जाईल, पोरगी पुण्याला जाईल, सगळं पूर्वीसारखं होईल.

ती सहा वर्षांची असताना त्यानं तिला ऑफसेट शिकवलं होतं. तिच्या दगडी पाटीवर तेलाच्या बोटानं 'र' काढला, पाटी ओल्या फडक्यानं पुसली आणि शाईचा रूळ फिरवला. शाई फक्त 'र'वर बसली. "पाणी शाईला हुसकावतं, तेल बोलावतं," तो म्हणाला होता. "एवढंच ऑफसेट. बाकी सगळं लोखंड." तिनं ती पाटी आठ दिवस कुणाला पुसू दिली नव्हती.

तो शिडीवरून उतरला आणि नवी पॉझिटिव्ह टेबलावर ठेवली.

"अमरेश, गप बस. चूक माझी हाय."

"म्हंजे?"

"जुनी लावली मी. हिची पाकिटातच राहिली."

कृष्णातनं घड्याळाकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली. बाहेर कुणीतरी रिक्षाला हार घालून हॉर्न वाजवत चाललं होतं.

"चिठ्ठी छापून चिकटवली तर?" अमरेश म्हणाला. "दुरुस्ती म्हणून—"

"कशावर छापणार?" कृष्णात म्हणाला. "आन् ठिगळ लावलेलं पुस्तक सायेब पावण्यांच्या हातात देतील व्हय? माझ्या थोबाडावर मारतील."

शशिधर ऑफसेटपाशी गेला. मग त्यानं दोन्ही हातांनी हार धरला.

शांभवीच्या तोंडून "अगं बाई!" असं निघालं. छापखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, की पूजेचं यंत्र दसऱ्याला सोनं वाहिल्याशिवाय चालवायचं नाही, आणि हा नियम शशिधरइतका कडक कुणी पाळत नसे. त्याच्या वडलांनी, रुद्रय्यांनी, एका खंडेनवमीला ट्रेडल चालवली होती आणि उजव्या हाताची दोन बोटं घालवली होती.

"शशी, हात काढ," जिन्यावरून शांतव्वा म्हणाल्या. त्या कठड्याला धरून सावकाश उतरत होत्या.

"चूक माझी हाय अव्वा. देव कोपला तर माझ्यावर कोपू दे."

"देव कशाला कोपतोय? तुझ्या अप्पावर बी देव कोपला न्हवता. दोन रात्री डोळ्याला डोळा न्हवता त्येंचा, म्हणून बोटं गेली. तवापासनं मी म्हटलं, वर्षातनं एक दिवस यंत्र झोपलं पायजे आणि माणूस बी." त्या शेवटच्या पायरीवर टेकल्या. "आन् हार काढून करणार काय तू? प्लेट कोण करून देणार? गावात आज एक दुकान उघडं हाय काय? शाई वाळणार कधी?"

हे सगळं शशिधरला माहीत होतं. प्लेट झाली असती तरी दोन्ही बाजू छापायच्या, शाई वाळायला रात्र जायची, त्याआधी घडी घातली की समोरच्या पानावर डाग. तरी त्याचे हात हारावरून निघेनात.

"दोड्डप्पा," रक्षिता म्हणाली. "हार नका काढू. माझं मशीन पूजेला न्हाय."

*

शांभवीला पुढं कितीतरी दिवस थोरल्या भावजींचा तेव्हाचा चेहरा आठवत राहिला. आधी तो रागावला, मग नुसताच थकल्यासारखा झाला. सकाळी ज्या तोंडानं त्यांनी 'ते न्हाय' म्हटलं होतं, त्याच तोंडानं आता काय म्हणावं हे त्यांना सुचत नव्हतं.

"त्याच्यावर होतंय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"चाळीस होतील. प्लेट लागत न्हाय, वाळायचं न्हाय. मधलं पान सुटं हाय, पिना काढून तेवढंच बदलूया. बाकीची पानं तुमचीच राहतील."

"कापणार कशानं?"

"कापायचं न्हाय. कागद आहे त्याच मापाचा घेते. कडेला पांढरं राहील, म्हणून वरचा निळा पट्टा आखूड करते."

कृष्णातनं मघापासून पहिल्यांदा खुर्ची ओढली आणि तो बसला. तेवढ्यात अमरेश म्हणाला, "टोनर बघ आधी."

रक्षितानं मशीनच्या पडद्यावर पाहिलं. निळ्या रंगापुढचा दिवा पिवळा झाला होता. या मशीनची शाई म्हणजे डब्यातली कोरडी पूड. डबा संपला की नवा बसवायचा.

"नवा डबा कुठं हाय? तुम्ही मागवतो म्हणालासा."

अमरेश कॅटलॉगची पानं चाळू लागला.

"अप्पा?"

"मागवला न्हाय."

"का?"

तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बोलला. "परवा त्यांची गाडी येणार हाय. जायच्या मशीनला डबे कशाला घ्यायचे म्हणून..."

शांभवीच्या हातातला तांब्या टेबलावर जोरात आदळला. "परवा? कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? कामं कुठं हायत त्याच्यासाठी? चार लग्नपत्रिका, दोन वाढदिवस. हजार प्रती मागणाऱ्याला ते परवडत न्हाय, आन् पन्नास मागणारा झेरॉक्सच्या भावात मागतोय. अण्णा पहिल्यापासनं म्हणतोय ते चुकीचं न्हाय."

"मला घेऊ नको त्यात," शशिधर म्हणाला. "परत धाडायचं असंल तर चौघांत ठरवून धाडूया म्हटलेलं मी. पोरीच्या पाठीमागं न्हाय."

"सकाळी तूच पूजा करू दिली न्हाईस!"

"ते तिच्या तोंडावर केलं मी."

रक्षिता रडली नाही. शांभवीला तेच जास्त लागलं. मुलीनं फक्त विचारलं, "मला कधी सांगणार होतासा?"

"दसरा झाल्यावर. सण खराब नको म्हणून."

"बरं," ती म्हणाली आणि काचेच्या खोलीत गेली. "हाय तेवढ्या निळ्यात बसवते. चुकून कागद वाया गेले तर मात्र पुरायचं न्हाय."

शांभवीनं पदर खोचला. नवऱ्याकडं न बघता ती म्हणाली, "कृष्णातभाऊ, चाळीस पुस्तकं आणलीसा न्हवं? द्या इकडं. पिना मी काढते."

पण पिना काढायच्या कशानं? टोकदार ते सगळं पाटावर होतं. तिनं वरून चमचे आणले. चमच्याच्या दांड्यानं पिनेचे पाय उभे करायचे, नखानं ओढून काढायच्या आणि मधलं पान उचलायचं. कृष्णात तिच्या समोर मांडी घालून बसला. दहा मिनिटांत त्याच्या अंगठ्याला रक्त आलं.

"वहिनी, ह्या कामाला फाउंड्रीतली नखं पायजेत, माझी हापिसातली."

"मग उद्या सायबाला सांगा, भट्टीवर बदली करा म्हणून."

तो हसला, आणि त्यामुळं त्या खोलीत सगळ्यांनी थोडा श्वास घेतला. अमरेश जिन्याशी एकटा उभा होता. मग तो येऊन बायकोच्या शेजारी बसला आणि त्यानं एक चमचा उचलला. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, पण पुस्तकांचा निम्मा गठ्ठा त्याच्या पुढं सरकवला.

"पिना काढल्या खऱ्या," थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला. "परत मारायच्या कशानं? स्टेपलर पाटावर हाय."

शांभवीच्या हे लक्षातच आलं नव्हतं. तिनं सासूकडं पाहिलं. शांतव्वा पायरीवर बसून उद्याच्या तोरणासाठी झेंडू ओवत होत्या. लांब सुई फुलाच्या पोटातून घालत होत्या आणि दोऱ्यावर फूल मागं ढकलत होत्या.

"आत्ती," शांभवी म्हणाली, "ती सुई पाटावर न्हाय ठेवली?"

"हिला ठेवली असती तर हार कशानं केलं असतं?" म्हातारी म्हणाली. मग तिनं सुईकडं पाहिलं, पुस्तकांकडं पाहिलं आणि शेवटचं फूल दोऱ्यावरून ओढून काढलं. "पिवळी झालीया जरा. पुसून देते."

*

पहिला कागद बाहेर आला तेव्हा रक्षितानं तो खिडकीच्या उजेडात धरला आणि तिचे खांदे पडले. पट्टा जांभळा दिसत होता. शेजारी ऑफसेटच्या पानावरचा पट्टा गडद निळा, पंधरा वर्षं विजयसिंहांच्या प्रत्येक कागदावर असलेला. दोन्ही एका पुस्तकात बसले असते तर पान उलटताच डोळ्यांत खुपलं असतं.

"पडद्यावर बरोबर दिसतंय," ती स्वतःशी म्हणाली. निळ्यापुढचा दिवा पिवळाच होता, पण आता उघडझाप करू लागला होता.

दारात शशिधर उभा होता. या खोलीत त्यानं इतक्या दिवसांत पाऊल टाकलं नव्हतं. आताही तो उंबऱ्याबाहेरच होता.

"आत या की, दोड्डप्पा. ए.सी. पळून जातोय."

तो आत आला. कागद हातात घेतला, वाकवून पाहिला, नाकाशीही नेला. वास नव्हता म्हणून त्याला तो अपुरा वाटला असावा. मग तो म्हणाला, "तांबडं हाय ह्यात."

"मशीन निळं करताना थोडं तांबडं घालतंयच."

"ह्या निळ्यात तांबडं न्हाईच. मी काचेवर कालवतो ते. निळी शाई आन् बोटाच्या टोकाएवढी काळी. तांबडं काढून टाक, काळं घाल."

"किती?"

"किती म्हंजे? बोटाच्या टोकाएवढं."

"इथं बोट न्हाय चालत. आकडा सांगाय लागतो."

शशिधर ओशाळला. आकड्यांवरूनच आज सगळं घडलं होतं. रक्षिताच्याही ते लक्षात आलं आणि ती घाईनं म्हणाली, "मी अंदाजानं घालते. तुम्ही कागद बघून सांगा. जास्त कागद काढता यायचे न्हाईत."

दुसरा कागद मळकट आला. शशिधरनं मान हलवली. "लई झालं. निम्मं." तिसरा कागद आला. त्यानं तो जुन्या पानाला लावला, लांब धरला, जवळ घेतला.

"झालं?" तिनं विचारलं.

"न्हाय. तेच न्हाय ते." तो थांबला. "पण शेजारी बसंल."

"विजयसिंहकाका ओळखतील?"

"एका नजरेत. त्यांना मी सांगणार हाय. कृष्णातबरोबर मी शिरोलीला जातो आत्ता. चूक कुणाची ते बी सांगतो." त्यानं तक्त्यावर बोट टेकवलं आणि एकेक आकडा ओठांत पुटपुटत वरपासून खालपर्यंत वाचला. नव्या पॉझिटिव्हशी ताडून परत वाचला. रक्षिता वाट पाहत होती. तिला दिव्याची उघडझाप दिसत होती, पण तिनं त्याला घाई केली नाही.

"चालव," तो म्हणाला.

कागद येऊ लागले. शशिधर एकेक उचलून बघत होता आणि घडी घालत होता. घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीऐवजी त्यानं अंगठ्याचं नख वापरलं. घडी घातलेलं पान पुस्तकात सरकवलं की कडेला केसभर बाहेर डोकावे. कटिंग मशीन चालू असतं तर एका घावात कडा सारखी झाली असती. पहिल्या पुस्तकाच्या वेळी त्यानं ती कडा दोनदा आत ढकलली. ती परत बाहेर आली.

"डोकावू दे," तो म्हणाला.

"बाकीच्या दोन हजारांचं काय करायचं?"

"त्यांचं मधलं पान दसरा झाला की माझ्यावर छापूया. नवी पॉझिटिव्ह लावून." ऑफसेटकडं त्यानं मान वळवली. "दोन हजार ह्याच्यावर काढशील तर विजयसिंहाला फाउंड्री विकाय लागंल. चाळीस माझ्यावर काढतो म्हटलं तर उद्या दुपारपर्यंत मी रोलरच पुसत बसंन." मग त्यानं आणखी दोन घड्या घातल्या. "तुझ्या बापाला हे कुणी समजावून सांगितलं न्हाय. मी बी न्हाय."

बाहेर सुई चालली होती. शांतव्वा शिवत होत्या, शांभवी गाठ मारत होती. दोरा दातानं तोडावा लागत होता, म्हणून अमरेशला तेच काम दिलं होतं. त्याच्या मिशीला झेंडूची एक पाकळी चिकटली होती आणि ती त्याला कुणी सांगत नव्हतं.

दिवेलागण झाली. कृष्णातचा फोन वाजला. त्यानं नाव पाहिलं आणि ताठ झाला. "सायेब पन्हाळ्यावरनं निघाल्यात," तो फोन ठेवत म्हणाला. "किती झाली?"

"पंचवीस शिवली," शांभवी म्हणाली. तेवढ्यात मशीननं एक बारीक आवाज केला. निळ्यापुढचा दिवा तांबडा झाला होता. सगळ्यांचे हात थांबले.

रक्षितानं झाकण उघडलं, डबा काढला आणि दोन्ही हातांत धरून आडवा हलवला, शांभवी मेतकुटाची बरणी हलवते तसा. आत कुठंतरी कोपऱ्यात बसलेली पूड सरकली. तिनं डबा परत बसवला. दिवा तांबडाच राहिला, पण मशीन परत घरघरू लागलं. एक कागद आला. शशिधरनं उचलून पाहिला, मान डोलावली. आणखी एक आला.

अशा वेळी शांतव्वा उठल्या. सुई त्यांनी सुनेकडं दिली. सकाळचं ताट ऑफसेटपाशीच होतं, विभूती, हळदकुंकू, दोन फुलं उरलेली. ते घेऊन त्या काचेच्या खोलीत आल्या आणि बोट विभूतीत बुडवून मशीनकडं वळल्या.

रक्षितानं त्यांचं मनगट धरलं.

"आत्ता नको, अज्जी."

"का ग?"

"पूजा केलीस तर थांबवाय लागंल. अजून आठ कागद हायत."

शांतव्वांचं विभूतीचं बोट तसंच राहिलं. बाहेर अमरेश दोरा तोडायचा थांबला होता. पूजा झाली तर मशीन दारातून बाहेर जाणार नव्हतं आणि पूजा झाली तर ते आता चालणार नव्हतं, हे तिथं प्रत्येकाला कळत होतं. रक्षितालाही. तिनं हात सोडला नाही.

"मग ह्या खंडेनवमीला राहिलीच म्हणायची ह्याची पूजा," शांतव्वा म्हणाल्या. त्या नातीशी बोलत होत्या, पण बघत होत्या थोरल्या मुलाकडं.

शशिधर पुढचा कागद उजेडात धरून आकडे वाचत होता. वाचून झाल्यावर त्यानं त्याची घडी घातली, नखानं दाबली आणि गठ्ठ्यावर ठेवली.

"राहू दे," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी करूया."

रक्षितानं आजीचं मनगट सोडलं. शांतव्वांनी ते विभूतीचं बोट तिच्याच कपाळावर ओढलं आणि ताट घेऊन बाहेर गेल्या.

अमरेश उठला. मिशीवरची पाकळी झाडून तो जिन्यापाशी गेला आणि भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर उचलून पुण्याच्या व्यापाऱ्याचा नंबर फिरवू लागला. पलीकडं सणाचा दिवस, कुणी उचलत नव्हतं. त्यानं ठेवला आणि परत फिरवला.